हँडल लॉकचा भरवसा

दुचाकीचोरीची बातमी पुण्यातली असो की नागपुरातली, तिच्यात एक तुकडा हमखास असतो : हँडल लॉक तोडून गाडी लंपास. हे वर्षानुवर्षं वाचूनही रोज रात्री लाखभराची गाडी आपण त्याच हँडल लॉकच्या हवाली करतो आणि निवांत झोपतो.

हे लॉक आतून कसं असतं, ते एकदा गॅरेजवाल्याला दाखवायला सांगा. किल्ली दाबून फिरवली की एक छोटी पिन सरकते आणि खाचेत अडकते. एवढीच तिची ताकद. लांबलचक हँडल हीच चोराच्या हातातली तरफ असते, त्यामुळे जोराचा झटका बसला की पिन हार मानते. दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीचं लॉक तर इतकं झिजलेलं असतं की भलत्याच किल्लीनंही फिरतं. हँडल लॉक लावायचंच, पण गाडीला कुलूप लावलं असं त्यानंतर म्हणू नये.

दुसरं कुलूप हवं, आणि ते गाडी बघून घ्यायचं. पुढं डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक सोयीचं. खिशात किंवा सीटखाली मावतं. घेण्याआधी त्याची पिन आपल्या डिस्कच्या भोकात नीट जाते का, ते गाडीवर लावूनच बघा. लावताना ते कॅलिपरला अगदी खेटून लावा, म्हणजे चाकाला फिरून वेग घ्यायला जागाच उरत नाही. त्याच्यासोबत मिळणारी पिवळी-केशरी गुंडाळीची तार हँडलपर्यंत नेऊन अडकवा. ती शोभेची नाही. सकाळच्या घाईत कुलूप विसरून गाडी पुढं काढली तर कॅलिपर तुटतो आणि माणूसही पडतो. हलवताच कर्कश वाजणारं अलार्मचं लॉक मिळत असेल तर थोडे जास्त पैसे जरूर द्या. चोराला आवाजाइतकं नकोसं दुसरं काही नाही.

पुढं ड्रम ब्रेक असेल, आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी गाड्यांना तोच असतो, तर डिस्क लॉकचा उपयोग शून्य. तिथं साखळीच हवी. डिस्क लॉकवाल्यांनीही रात्रीसाठी साखळी ठेवावी, कारण नुसतं चाक अडवलेली गाडी दोघं-तिघं उचलून टेम्पोत टाकू शकतात.

साखळीच्या नावाखाली प्लॅस्टिकचं आवरण असलेली तारेची केबल घेऊ नका. ती हेल्मेट बांधायला ठीक, कटरपुढं तिचा टिकाव लागत नाही. कडी कडक केलेल्या पोलादाची हवी, किमान दहा-बारा मिलिमीटर जाड. साखळी जड लागेल, लागू दे. कुलूपही तिच्या तोलाचं हवं, ज्याची वरची कडी बाहेर फारशी दिसत नाही असं. जाड साखळीला पेटीचं कुलूप लावणं म्हणजे पैसे पाण्यात. साखळी मागच्या चाकातून आणि चेसिसमधून ओवा, पुढच्या चाकातून नको, पुढचं चाक खोलून निघतं. आणि ती जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीचा आधार मिळाला की कटरवर अंगाचं वजन टाकता येतं, घाव घालता येतो.

बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढं बाजारातली बहुतेक कुलुपं शेवटी हरतात. पण ग्राइंडर ओरडतो, ठिणग्या उडवतो. म्हणून गाडी कोपऱ्यातल्या अंधारात नको, दिव्याखाली, माणसांच्या कानावर येईल अशा जागी लावायची. कुलूप आपल्याला मिनिटं विकत घेऊन देतं. त्या मिनिटांत कुणीतरी बघायला हवं.

आता विम्याचं. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे बरेच जण समजतात की गाडी पाच वर्षं सुरक्षित. थर्ड पार्टीत चोरीची भरपाई मिळत नाही. ती ज्या ओन डॅमेज भागात असते तो अनेकदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो, आणि दुसऱ्या वर्षी कुणी तो भरतच नाही. पार्सल पोचवणाऱ्या पोराची गाडी गेली की रोजगार जातो आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो. पॉलिसी आजच काढून बघा. दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, दाव्याच्या वेळी विमा कंपनी दोन्ही मागते. आणि गाडी गेलीच तर आधी एफआयआर, त्याच दिवशी. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की एफआयआर लगेच नोंदवला असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येणार नाही.

राहिला एक प्रश्न : साखळी घेतली, पण बांधायची कशाला? आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पांढरे पट्टे असतात, नंबर असतात, कॅमेरे असतात. गाडी बांधायला एक लोखंडी दांडा नसतो. कॅमेरा चोरी दाखवतो, थांबवत नाही. तोंडाला रुमाल बांधलेल्या दोन पोरांचं चित्रण व्हॉट्सअॅपवर फिरवून कुणाची गाडी परत येणार? भिंतीलगत काँक्रीटमध्ये पक्का गाडलेला जाड पाइप चाळीस घरांत वाटला तर खर्च कुणाला जाणवणारही नाही. रेल्वे स्टेशनबाहेर, बाजाराजवळ पैसे घेऊन गाड्या लावून घेणाऱ्या ठेकेदारांनाही महापालिकेनं हीच अट घालावी. पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापायचं आणि जबाबदारी घ्यायला साधा खांबही द्यायचा नाही, हे चालवून घेऊ नये.

सोसायटीची पुढची सभा होईल तेव्हा रंगरंगोटीच्या आधी हा विषय मांडा. पाइप मंजूर होईपर्यंत साखळी जिन्याच्या गजाला बांधा, पण बांधा.