पिशवी दाराबाहेर

1982 च्या संपात गिरणी गमावलेल्या माणसासमोर ‘युनियन’ हा शब्द जपून काढावा, एवढी अक्कल मला डिप्लोमाला असताना नव्हती. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ मांडीवर घेऊन मी विरारच्या खोलीत मोठ्यानं घोकत होतो, “युनियनचे सगळे मेंबर एकाच जागेत राहतात.” रात्रपाळी करून आलेल्या बाबांनी चादरीतून डोकं बाहेर काढलं.

“कसली युनियन?”

“सी लँग्वेजमधली.”

“संपावर जाते?”

मी समजावलं. मेंबर कितीही असोत, पत्ता एकच. एका वेळी एकाचंच खरं. दुसऱ्यात काही लिहिलं की पहिल्याचं पुसलं.

“मग आमच्यासारखीच की. मेंबर ढीगभर, बोलणार एक,” म्हणाले आणि कूस बदलून घोरायला लागले.

खरं तर मला एवढं घोकायची गरज नव्हती. मी युनियनमध्येच राहत होतो. लालबागची खोली विकून घेतलेली आमची ती दहा बाय बाराची जागा सकाळी बाबांची झोपायची खोली, दुपारी आईचा शिवणकामाचा कारखाना, संध्याकाळी माझी अभ्यासिका आणि गुरुवारी भजनी मंडळ. युनियनचा आकार सगळ्यात मोठ्या मेंबराएवढा धरतात. आमच्याकडे तो मान भजनाचा: अकरा बायका, एक पेटी.

याउलट आगाशीचं मामाचं घर म्हणजे साक्षात स्ट्रक्चर. ओटी वेगळी, माजघर वेगळं, मागे केळीची वाडी, सुकेळी वाळत घालायला अंगण निराळं. प्रत्येकाला स्वतःची जागा, शिवाय मधूनमधून कुणाच्याच नावावर नसलेली मोकळी जागा. कंपायलरही स्ट्रक्चरमध्ये अशी जागा सोडतो, तिला पॅडिंग म्हणतात. मामा बोळ म्हणायचा.

डेनिस रिची यांनी बेल लॅबमध्ये सी घडवली, तेव्हा सुरुवातीला तिच्यात युनियन नव्हती. ती 1973 नंतर आली. रिची विरारला राहते तर पहिल्याच दिवशी आली असती.

युनियनचा धोका असा की शेवटी काय लिहिलं होतं हे तुम्ही लक्षात ठेवायचं. चुकीच्या नावानं वाचलंत तरी सी अडवत नाही. जे बिट पडलेले असतील ते निमूट तुमच्या हातात ठेवते. आमच्या टर्बो सीमध्ये पूर्णांकाला दोन बाइट लागत. त्यात 18753 लिहायचं आणि तीच जागा अक्षरं म्हणून वाचायची. इंटेलचा प्रोसेसर खालचा बाइट आधी बसवतो, त्यामुळे आधी 65, मग 73. म्हणजे रोमन ‘ए’ आणि ‘आय’. हे परवा मुलाला दाखवलं. तो म्हणाला, “एआय!” मी इतकी वर्षं ते ‘आई’ असं वाचत आलो होतो.

तर, चुकीचं वाचन. एकदा मी खोली अभ्यासिका समजून वर्गातल्या चौघांना, त्यात दोन मुली, घेऊन थेट आत शिरलो. आत मेंबर होता बाबा, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, पाय भिंतीवर टेकवून. पुढचा तपशील राहू दे. वर्षभर त्या मुलींनी माझ्याकडून नोट्स घेतल्या नाहीत.

त्या रात्री आईनं तोडगा काढला. बाबा झोपले की त्यांची डब्याची पिशवी दाराच्या कडीला, बाहेरून. शिवणकाम असेल तर टेप. भजनाला काहीच नाही, ते जिन्यापर्यंत ऐकू यायचं. सी लिहिणारे हेच करतात: युनियनला एका स्ट्रक्चरमध्ये घालून शेजारी, बाहेर, सध्या आत कोण आहे त्याची खूण ठेवतात. पिशवी आतल्या खुंटीला अडकवून काय उपयोग, हे आईला कुठल्याही पुस्तकाविना कळलं होतं.

आता विरारमध्येच दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. सगळ्यांना आपापली जागा, पॅडिंगही ऐसपैस. बाबांची पिशवी मात्र सुटलेली नाही. मागच्या रविवारी दुपारी बाहेरून आलो तर दाराला पिशवी. झोपमोड नको म्हणून जिन्यात बसलो. अर्ध्या तासानं बाबा खालून वर आले, दोन्ही हातांत टोमॅटो.

“बाहेर काय करतोयस?”

“तुमची पिशवी आहे ना दाराला.”

“अरे, तीच न्यायला विसरलो,” म्हणाले. “खिशातून कोथिंबीर काढ आधी.”