दोन सीटा, तीन जीव

आमच्या आणि माईंच्या घरांच्या मध्ये कंपाउंडची भिंत आहे, छातीएवढी. कढीपत्त्याचं झाड माईंचं, पण त्याची सगळ्यात भरघोस फांदी आमच्या बाजूला. त्यामुळे फोडणीच्या वेळी मला भिंतीपाशी जावं लागतं आणि मी गेले की माईंना पलीकडे हटकून काहीतरी काम निघतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या गल्लीतली एकूण एक बातमी त्या फांदीखालून जाते.

रविवारी सकाळी मीच आधी तोंड उघडलं.

"माई, समोरचा खंडू आज एवढा का रडत होता हो? सहा वाजल्यापासून फाटकाशी उभा राहून सूर लावला होता."

"कोण जाणे," म्हणत माई वाळकी पानं वेचायला लागल्या. "कुत्र्याच्या जातीला कारण लागतं होय?"

मला नवलच वाटलं. समोरच्या घरातलं काही माईंना ठाऊक नाही असं गेल्या बावीस वर्षांत झालेलं नाही.

"गाडी गेल्याचा आवाज तर आला मला."

"गेली असेल." मग कमरेवर हात ठेवून उठत, गुडघा चोळत त्या भिंतीला रेलल्या. "पण काय हो वहिनी, त्या गाडीचं काय हे खूळ! चांगली चौघं बसतील अशी गाडी घ्यायची सोडून ही लाल, बसकी, उंबऱ्याएवढी. झेड-फोर म्हणे. कुणाची तरी वापरलेली आणली. सीटा दोन आणि फिरायला निघणारे जीव तीन. समोरच्यांचा मुलगा, सूनबाई आणि खंडू."

"डिकी आहे की."

"आहे. 281 लिटरची. म्हणजे तुमचा तो फ्रिज आडवा पाडला तर जेवढा होईल तेवढी. पण बंद डिकीत का जिवंत कुत्रं घालतात? शेजारच्या सीटवरच बसवावं लागतं त्याला. मग सूनबाई बसते मागून ॲक्टिव्हावर. पुढे नवरा नि कुत्रा लाल गाडीत, मागे ही हेल्मेट घालून. धर्मराजानं कुत्र्यासाठी इंद्राचा रथ नाकारला म्हणतात, पण त्याच्याआधी द्रौपदी वाटेतच पडली होती ना? यानं तर बायकोला फाटकातच ठेवलं."

माई एकदा पुराणात शिरल्या की लवकर बाहेर येत नाहीत, म्हणून मी त्यांना गल्लीत आणलं.

"सुरुवातीला आठ दिवस गाडी हललीसुद्धा नव्हती, आठवतं? मी तर यांना म्हटलं, फसला बिचारा, कुणीतरी बंद पडकी गाडी गळ्यात मारली."

"सगळी गल्ली तेच म्हणत होती! रोज संध्याकाळी बंद गाडीत जाऊन बसायचा, शेजारी खंडू. दोघं समोर बघत. कीर्तनाला बसल्यासारखे. अहो, ती शिकवणी चालली होती. पहिले दोन दिवस नुसतं बसायचं, बिस्किट खायचं, उतरायचं. मग इंजिन सुरू करून बसायचं. मग गल्लीच्या टोकापर्यंत जायचं नि परत. त्या गाडीचा गुरगुराट आपल्याला एवढा लागतो, तर त्याला किती लागत असेल."

ते खरंच होतं. आमचे हे फिजिक्सचे निवृत्त मास्तर. गल्लीत कुठलीही गोष्ट झाली की त्यातून गणित काढतात. माणसाला फार तर 20,000 हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 45,000 पर्यंत, हे मला त्याच आठवड्यात फुकट कळलं होतं.

"सरांनी आणखी काय मांडलं?" माई हसल्या.

"गतिरोधकाचं. नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच असावा. या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण 11 सेंटीमीटरवर. म्हणजे कागदावर गाडी सुटते."

"पण आपल्या कोपऱ्यावरचा गतिरोधक कागद वाचून बांधलेला नाही."

"नाहीच. म्हणून तर तिथे तिरकी घालून काढतो, एकेक चाक करून."

"आणि तेव्हा खंडू सीटवरून घसरत घसरत दाराला टेकतो," माई म्हणाल्या. "सीट खोलगट असली तरी गुळगुळीत. आता त्यावर कापड टाकलंय. पण केस! कापडाबाहेरच्या जागेत असे रुतून बसतात की चिमट्यानंच काढावेत. त्यात खंडू गावठी. आखूड, तांबूस, सुईसारखे केस."

बोलता बोलता माईंनी पदर सारखा केला. रविवारची सकाळ, अजून पाणी भरायचं बाकी, आणि माईंच्या अंगावर गडद निळी, घडीमोड केलेली चांगली साडी. अंबाडाही रोजच्यासारखा चापूनचोपून नव्हता, दोन्ही बाजूंनी बटा सुटलेल्या. न्हायल्या असतील, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

"पट्टा तरी लावतो का त्याला?" मी विचारलं. "हे म्हणत होते, ताशी 50 च्या वेगानं गाडी कुठे आदळली तर सुट्ट्या कुत्र्याला जो दणका बसेल तो 10 मीटरवरून खाली पडल्यासारखा. तिसऱ्या मजल्यावरून म्हणा ना. आणि ते 20 किलोचं धूड उडून आपल्याच अंगावर यायचं ते वेगळंच."

"लावतो तर. गळ्याला नाही हं, गळ्याला लावला तर फासच. छातीवरून, पाठीवरून येणारा पट्टा असतो, त्याची क्लिप आपल्या सीटबेल्टच्या बक्कलमध्ये. दोर आखूड. बसता येतं, आडवं होता येतं, पण रस्त्यात मांजर दिसलं म्हणून उघड्या छपरातून उडी मारता येत नाही. आणि गंमत ऐका. आधी पट्टा नव्हता ना, तेव्हा गाडी सारखी टुंग टुंग करायची."

"का?"

"गाडीला वाटायचं, माणूसच बसलाय नि पट्टा लावत नाहीये. 2019 च्या जुलैपासून नव्या गाड्यांना ते लागतंच म्हणे, शेजारच्या सीटलासुद्धा. खंडू बसला की टुंग टुंग, उतरला की बंद. शेवटी त्याचं बक्कल लागलं तेव्हा गाडी गप्प बसली."

"आणि ती हवेची पिशवी? एअरबॅग?"

"हां! ती खरी काळजीची गोष्ट." माई आवाज खाली आणून बोलायला लागल्या, जणू एअरबॅग पलीकडे उभी राहून ऐकते आहे. "ती फुटते पापणी लवायच्या आत. माणसाच्या छातीच्या मापाची ती. कुत्र्याचं तोंड बरोबर तिच्यासमोर. वाचवायला आलेली पिशवीच मान मोडायची. खरं तर कुत्र्यानं मागच्या सीटवरच बसावं, पण या गाडीला मागची सीटच नाही. म्हणून सीट पार मागे सरकवायची आणि ती पिशवी बंद ठेवायची. काही गाड्यांत तशी सोय असते. मात्र माणूस बसणार असेल तर आठवणीनं परत चालू करायची. समोर बारीक दिवा असतो. तो बघितल्याशिवाय आपण बसायचंच नाही."

'आपण' हा शब्द माझ्या कानाला जरासा खटकला. पण माईंचा ओघ असा असतो की मध्ये बोट घालायला जागा मिळत नाही.

"मागच्या आठवड्यात तर खंडूला गॉगल!" त्या म्हणाल्या. "मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. म्हटलं, आता याला सिगारेट दिली की झालं."

"ते काही नवं नाही हो," मी म्हटलं. ही एक गोष्ट माझ्याकडे होती आणि माईंकडे नव्हती, म्हणून मी फांदी जरा जवळ ओढून सावकाश सांगितली. "1903 साली अमेरिकेत जॅक्सन नावाचा एक डॉक्टर 50 डॉलरच्या पैजेवर सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला मोटारीनं निघाला. दोन सीटांची उघडी मोटार, बरोबर एक मेकॅनिक. तोवर आख्खा अमेरिका खंड मोटारीनं कुणी ओलांडलेला नव्हता, धड रस्तेच नव्हते. वाटेत आयडाहोमध्ये त्यानं एक बुलडॉग घेतला, बड नावाचा. तिकडची धूळ खारट, बडचे डोळे लाल झाले. मग डॉक्टरनं आपल्यासारखाच गॉगल त्यालाही चढवला. 63 दिवसांनी तिघं न्यूयॉर्कला पोहोचले. ती मोटार आणि बडचा गॉगल अजून वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये ठेवलाय."

"सरांनी सांगितलं?"

"कुणी का सांगेना."

"म्हणजे तिथेही सीटा दोन नि जीव तीनच," माई म्हणाल्या. "पण तिथे बायको नव्हती बरोबर, म्हणून निभावलं."

"होती. घरी ठेवली होती."

"बघा!"

माईंना ती गोष्ट एवढी पसंत पडली की त्यांनी स्वतःहून दोन काड्या कढीपत्ता तोडून माझ्या हातात दिला. एरवी मला स्वतःच तोडावा लागतो.

"पण गॉगल हवाच," त्या पुढे म्हणाल्या. "छप्पर उघडलं की कचरा डोळ्यांत जातो. दहा सेकंदांत मागे गुंडाळतं ते छप्पर, चालत्या गाडीतसुद्धा, फक्त वेग 50 च्या आत हवा. आणि वारा असा येतो की केसांची पार..." माईंचा हात अंबाड्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. "म्हणजे, खंडूच्या कानांची पार फडफड होते. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, कान सुजतात त्यानं. म्हणून हमरस्त्याला लागलं की छप्पर लावून घ्यायचं."

"उन्हाचं काय करतात? एप्रिलमध्ये तर तो मिसळ खायला घेऊन गेला होता ना त्याला?"

"गेला होता, पण गाडीत नाही सोडला. ते बरीक पक्कं शिकलाय. बाहेर 35 अंश असलं तर बंद गाडी अर्ध्या तासात पन्नाशीपार जाते. काच बोटभर उघडी ठेवली तरी काही उपयोग नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ काढून धापायचं एवढंच त्याच्या हातात. त्याचं अंग आधीच 101-102, त्यात भट्टी. पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेल्या माणसाची पाच मिनिटं कधी पाच असतात का? मग काय, आधी सूनबाई आत बसून मिसळ खाणार, हा बाहेर झाडाखाली खंडूबरोबर. मग हा आत, ती बाहेर."

"आणि खंडू?"

"त्याला कोरडा पाव, तोही चतकोर. तर्री नको, कांदा तर मुळीच नको. कांद्यानं कुत्र्याचं रक्त बिघडतं. आणि द्राक्षं त्याहून वाईट, मूत्रपिंडावर जातात. बेदाणासुद्धा नाही चालत."

"नाशकात जन्माला येऊन द्राक्षाला तोंड लावायचं नाही," मी म्हटलं. "कुठल्या जन्मीचं पाप हो!"

माई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. भिंतीवरचा मुंगळा बोटानं बाजूला करत म्हणाल्या,

"एक सांगू का वहिनी? मी आधी फार नावं ठेवली त्या गाडीला. तुमच्यापाशीच ठेवली."

"हो. 'आई-बापाचा घोर' म्हणाला होतात."

"होताच घोर. मोटरसायकलवर असताना कसा जायचा आठवतं? गल्लीतून सुं... की कॉलेज रोडच्या सिग्नललाच दिसायचा. त्याची आई रात्री त्या आवाजाची वाट बघत जागी असायची. आणि ही गाडी तर साडेचार सेकंदांत शंभरावर जाते म्हणे. मी म्हटलं, आता ती माउली झोपेची गोळीच घेणार. पण झालं उलटंच. शेजारी खंडू बसला नि याचा पाय हलका झाला. जोरात ब्रेक मारला तर खंडू पुढे आपटणार. वळण झटक्यात घेतलं तर त्याला मळमळणार. त्र्यंबक रोडला एकदा झालीच उलटी, त्या भारी सीटवर. दोन दिवस घासत बसला होता. तेव्हापासून निघायच्या आधी तीन-चार तास त्याला खायला नाही आणि वळण आलं की गाडी अशी अलगद वळवतो... भरलेलं ताकाचं पातेलं मांडीवर घेऊन बसल्यासारखी. चाळिसाच्या वर काटा जात नाही हो. रिक्षावाले हॉर्न मारून पुढे जातात, तरी हा आपला शांत. आईनं सांगितलं, बापानं सांगितलं, पोलिसांनी दोनदा पावती फाडली. कुणाचं ऐकलं नाही ते त्या गावठी कुत्र्याचं ऐकलं."

"चाळिसाच्या वर काटा जात नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

"अं?"

"काटा कुठून दिसला?"

तेवढ्यात माईंच्या कुकरची शिट्टी झाली. एरवी माई चौथ्या शिट्टीपर्यंत जागच्या हलत नाहीत. आज पहिल्याच शिट्टीला "आलेच" म्हणून वळल्या. वळल्या आणि मला त्यांची पाठ दिसली. गडद निळ्या साडीवर, कमरेपासून खाली पोटरीपर्यंत, आखूड, तांबूस, सुईसारखे केस. कुणी मुद्दाम टाचून बसवल्यासारखे.

"माई!"

त्या थांबल्या.

"आज खंडूच्या जागेवर कोण बसलं होतं हो?"

माईंनी आधी आपल्या घराच्या खिडकीकडे बघितलं, मग समोरच्या फाटकाकडे. फाटकाच्या गजांतून खंडूचं नाक बाहेर आलेलं होतं आणि डोळे थेट माईंवर होते. गेल्या बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला माई लाजताना दिसल्या.

"अहो, सोमेश्वरपर्यंतच," त्या भिंतीशी येऊन कुजबुजल्या. "दर्शनाला निघाले होते. म्हणाला, माई चला, सोडतो. आता पोरानं दार उघडून धरलं तर नाही कसं म्हणायचं? बसताना वाटलं विहिरीत उतरतेय. उठताना तर त्यानं नि पुजाऱ्यानं दोघांनी ओढून काढलं मला. गुडघा अजून ठणकतोय. पण काय वारा हो वहिनी, काय वारा!"

"आणि तो बिचारा सकाळपासून रडतोय."

"म्हणून तर जीव खातोय माझा. चार बिस्किटं दिली, हुंगतसुद्धा नाही. तुमच्याकडे एखादं उकडलेलं अंडं असेल का? आमच्याकडे चालत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. आणि हे कुणाला बोलू नका."

मी अंडं आणायला वळले. आतून फोडणी करपल्याचा वास यायला लागला होता.

"आणि ऐका," माई मागून म्हणाल्या. "पुढच्या रविवारी तुम्हाला नेतो म्हणालाय. आदल्या रात्री गुडघ्यांना तेल लावून ठेवा. आणि खंडूचं अंडं आधी."