ॲपसुरक्षेचे लोकशास्त्र : जव्हार-मोखाडा खंड

स्मार्टफोनच्या सुरक्षेवर तज्ज्ञांचे ग्रंथ जाडजूड असले, तरी पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगरी तालुक्यांत या शास्त्राची अंगे मुख्यतः दोनच मानली जातात : टफन ग्लास आणि कव्हर. पॅटर्न लॉक, म्हणजे नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवून उघडायचे कुलूप, हे तिसरे अंग धरावे की नाही याविषयी मतभेद संभवतात. कारण गणिताने त्याच्या ३,८९,११२ आकृती होत असल्या, तरी प्रचारात बहुधा इंग्रजी एलच असतो, तो घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, आणि नागलीच्या भाकरीबरोबर सुकट खाल्लेल्या बोटाने त्याची तेलकट रेघ काचेवर उमटवून ठेवलेली असते.

ॲप कोठून घ्यावे, हा प्रश्न येथे तांत्रिक नसून नात्याचा आहे. प्ले स्टोअरवर, म्हणजे गुगलने आपल्या परीने तपासून मांडलेल्या दुकानात, ॲप बनवणाऱ्याचे नाव असते, पण तो कोणाचा कोण हे कळत नाही. भाचा मात्र माहितीतला असतो, आणि भाचा खात्रीचा म्हणून त्याने पाठवलेले ॲपही खात्रीचे ठरते. हा सिद्धान्त लबाडांनी विद्वानांपेक्षा बारकाईने अभ्यासला आहे : लग्नपत्रिकेच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे दुकानाला वळसा घालून थेट फोनात उतरणारे ॲप, एका फोनाचा ताबा घेऊन त्यातल्या ओळखीच्यांकडे पुढे सरकते, त्यामुळे ती खरोखरच भाच्याच्या नंबरावरून येते, आणि न उघडावी तर सोयरीक दुखावते.

मग फोन मेसेज वाचण्याची, म्हणजे ओघानेच बँकेच्या ओटीपीचीही, परवानगी मागतो. पण पाहुण्याला विचारलेल्या ‘चहा टाकू ना?’प्रमाणे येथेही नकार शिष्टसंमत नाही. ही सवय शासनानेच लावली, असे म्हणण्यास जागा आहे : १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर ॲपमधूनच फोटोसह हजेरी सक्तीची झाली, आणि हजेरी घेणाऱ्याने कॅमेऱ्याला किंवा ठिकाणाला परवानगी नाकारली, तर मजुरी अख्ख्या टोळीची अडकते.

आयफोन दुकानाबाहेरचे ॲप सहजी आत घेत नाही, हा त्याचा मोठा गुण; परंतु रोजगार हमीच्या २०२५-२६मधील रोजी ३१२ रुपये दराने शंभर दिवसांची मजुरी ३१,२०० रुपये होते आणि तीत नवा आयफोन बसत नाही, तेव्हा अँड्रॉइडची ‘निवड’ हा शब्द जपूनच वापरावा. खरीखुरी निवड महाराष्ट्राने पाहिली ती २०२१मध्ये, जेव्हा तापणारे, अडकणारे सरकारी फोन आणि त्यांवरचे पोषण ट्रॅकर हे पोषणाच्या नोंदींचे इंग्रजी ॲप यांना कंटाळून अंगणवाडी सेविकांनी ते फोनच शासनाला परत केले; हा पर्याय अद्याप कोणत्याही कंपनीच्या सेटिंगमध्ये आलेला नाही.