हायड्रोमीटर वापरण्याची शास्त्रोक्त पद्धत

अमेरिकेतला पुतण्या सुट्टीला गावी येतो, तेव्हा त्याच्या बॅगेत बदाम, चॉकलेटं आणि हल्ली एक काचेची नळी असते. 1978 साली अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केल्यापासून तिकडे घरी बिअर करणं हा रीतसर छंद आहे. इकडे 1949 चा दारूबंदी कायदा जागा आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा. म्हणून सातारा-सांगलीकरांनी पुढच्या पायऱ्या उसाच्या ताज्या रसावर गिरवाव्यात. रस विसरून राहिला आणि आंबला, तर तो ओतून द्यावा. ओतताना चार माणसं बघत असली तर उत्तम.

1. ओळख. बूड जड, वर बारीक दांडी, दांडीत आकडे. हा थर्मामीटर नव्हे. आबांच्या काखेत लावू नये. साध्या पाण्यात 1.000 दाखवतो. साखर जितकी जास्त, तितका वर तरंगतो. चांगल्या उसाच्या रसात 1.080 च्या आसपास.

2. भांडं. फुलपात्र चालत नाही. त्यात नळीचं बूड टेकतं आणि ती तरंगण्याऐवजी उभी राहते, ग्रामसभेत उभं केलेल्या नव्या सदस्यासारखी: काही सांगत नाही. उंच, अरुंद भांडं घ्यावं. नळी कडेला चिकटू देऊ नये.

3. गिरकी. सोडताना दोन बोटांनी अलगद फिरवावी. अंगाला चिकटलेले बुडबुडे नळीला वर उचलून धरतात आणि आकडा फुगतो.

4. नजर. उभ्यानं, वरून वाचू नये. रस दांडीशी किंचित वर चढतो. तो चढ सोडून खालची सपाट रेषा धरावी, डोळा तिच्या पातळीत आणून. गुडघे कुरकुरत असतील तर भांडं कोनाड्यात ठेवावं.

5. तापमान. बऱ्याच नळ्या 20 अंशांना नेमक्या असतात. ऊन रस पातळ, म्हणून आकडा कमी. सांगलीत 20 अंश हवे असतील तर डिसेंबरची पहाट गाठावी, नाहीतर रस थंड पाण्यात ठेवून वाट बघावी.

6. नोंद. ही खरी पायरी. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल करतं. अल्कोहोल पाण्याहून हलकं, म्हणून नळी दिवसेंदिवस खाली जाते. पहिल्या आकड्यातून शेवटचा वजा करून 131.25 नं गुणावं. पुतण्याची बिअर 1.050 वरून 1.010 वर आली, म्हणजे सव्वापाच टक्के. पहिला आकडा हरवला तर शेवटच्याला काडीची किंमत नाही. काकांनी तो कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिला होता. महिना उलटला, काकूंनी पान फाडून पापडाच्या डब्यात तळाशी घातलं.

7. नमुना. मोजलेला नमुना परत भांड्यात ओतू नये, हा पुतण्याचा नियम. तो चाखतो. दिवसातून तीनदा मोजणाऱ्याच्या भांड्यात आठवड्यानं मोजायला काही उरत नाही.

पुतण्या परत गेला, नळी राहिली. काकू रोज संकलन केंद्रावर 'डिग्री' बघणाऱ्यांच्या गावच्या. दुधाचा पहिला आकडा कॅलेंडरवर लिहावा लागत नाही, तो त्यांना पाठ: 1.028, म्हणजे 28 डिग्री. त्यांनी रतिबाचं दूध उंच पेल्यात ओतलं, गिरकी दिली, वाकून बघितलं. अठरा.

आता शास्त्र असं, की साय काढली की डिग्री चढते, पाणी घातलं की उतरते, आणि दोन्ही मापात केलं तर नळी गप्प बसते. म्हणून केंद्रावर फॅटही बघतात. एवढ्या खोलात काकू शिरल्या नाहीत. त्यांनी नळी धुऊन, पुसून, दारासमोरच्या खिडकीत उभी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी रतीब घालताना गवळी म्हणाला, "काकू, ते काय हो?"

"काय न्हाय. पुतण्यानं आणलंय."

तेव्हापासून दुधावर साय जाड येते. नळी परत कशातही बुडवावी लागलेली नाही.