मोहोळ राहू देणारे वेडे

भोपाळच्या एखाद्या सोसायटीत सज्जाखाली आग्या मोहोळ लागलं की शहाणी माणसं त्याच दिवशी औषध फवारणाऱ्याला बोलावतात. एखादं घर मात्र 'राहू द्या' म्हणतं आणि शेजारी त्या घराला वेड्यात काढतात. मला या वेडेपणाची स्तुती करायची आहे, अगदी मनापासून.

वेड जुनं आहे. शहरापासून सुमारे 45 किलोमीटरवर भीमबेटका. विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये तिथली शैलचित्रं उजेडात आणली. त्यांत मध गोळा करणारी माणसंही आहेत. तिथल्या उंच कातळांना आजही मोहोळं लटकतात. आग्या माशी पेटीत पाळता येत नाही. तिचं एकच उघडं पोळं असतं. फुलोरा सरला की थवा उठून जातो आणि पुढच्या हंगामात पुष्कळदा त्याच जागी येतो. चांदण्या रात्रीही ती फुलांवर जाते. घरमालकाच्या पदरात काही पडेल याची खात्री नाही, डंखाची भीती मात्र खरी. अशा पाहुणीला जागा देणं कुठल्याच हिशेबात बसत नाही, आणि म्हणूनच मला ते पूजेच्या तोडीचं वाटतं. बृहदारण्यक उपनिषदातली मधुविद्या पृथ्वी आणि जीव यांना एकमेकांचा मध मानते. जांभळाचा मोहर आणि कांद्याचं बियाणं हीच गोष्ट दरवर्षी सिद्ध करतात: माशी फिरली नाही तर दाणा भरत नाही.

शहाणपणाची किंमत भोपाळइतकी कुणी मोजलेली नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात 'सेव्हिन' हे कीटकनाशक तयार होई. पिकं वाचवायला काढलेलं ते औषध मधमाशांना अतिशय घातक. त्याच्यासाठी साठवलेला मिथिल आयसोसायनेट 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री गळला आणि हजारो माणसं मेली. किडा मारायचं विष माणसापाशी येऊन थांबतं, हे या शहराला कुणी शिकवायला नको.

तेव्हा यंदा तुमच्या इमारतीला मोहोळ लागलं तर मशाल पेटवू नका, फवारणी करू नका. रात्री त्या बाजूचा दिवा बंद ठेवा, मुलांना दगड मारू देऊ नका, खाली वर्दळ असेल तर वाट थोडी बदला. फुलोरा संपेपर्यंत थांबा. शेजारी हसले तर हसू द्या.