मावशीचा परदेश

आमच्या उंद्री गावात परदेशी कोण जाऊन आलंय, असं विचारून पाहा. लोक पुण्यामार्गे अमेरिकेला पोचलेल्या एखाद्या पोराचं नाव घेतील. काशी-अयोध्या करत यात्रेच्या बसनं काठमांडू गाठून पशुपतिनाथाच्या पाया पडून आलेली शेजारची मावशी कुणाला आठवणार नाही. तिला स्वतःलाही नाही. परदेश म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, विमान. ती तर भाकरी-ठेच्याचं गाठोडं आणि मतदान कार्ड एवढ्यावर गेली होती.

भारतीयाला नेपाळात जायला पासपोर्ट लागत नाही, निवडणूक आयोगाचं ओळखपत्र चालतं. १९५० चा मैत्री करार झाला तेव्हापासून ही सरहद्द भाऊबंदांच्या शेतांमधल्या बांधासारखी आहे. कुठून जाते ते सगळ्यांना ठाऊक, पण पाय कुणाचा अडत नाही. तरी मावशीनं ते कार्ड काय जपलं होतं! फोटोत डोळे अर्धे मिटलेले, कुंकू काळं, पदर कुठं संपतो नि भिंत कुठं सुरू होते ते कळू नये असा. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बटव्यात, बटवा कमरेला. गोरखपूर मागं पडून सोनौली आलं, तशी तिनं सगळ्या गाठी सोडून कार्ड हातात धरलं. शिपायानं बसवर एक नजर टाकली आणि हात हलवला. गाडी कमानीखालून पलीकडे.

"पाह्यलंच नाही व माय त्यानं!" मावशी हिरमुसली. जन्मभर तिच्या कागदात कुठं वय चुकलेलं, कुठं नवऱ्याचं नाव. प्रत्येक खिडकीनं तिला उद्या या म्हटलेलं. आणि जिथं एक देश संपून दुसरा सुरू होतो, तिथं मात्र ती आहे तशी मंजूर.

पलीकडे घड्याळ १५ मिनिटं पुढं, विक्रम संवताचं कॅलेंडर तर ५७ वर्षं पुढं. आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० होतात, हे मात्र मावशीला फार आवडलं. पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यातले भट्ट पुजारी परंपरेनं कर्नाटकातले. एवढं झाल्यावर परदेश वाटावा तरी कसा?

गंमत आधार कार्डाची. ते या सरहद्दीवर १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना चालतं, मधल्यांना नाही. म्हणजे आजी जाणार, नातू जाणार, आणि दोघांना सांभाळायला आलेला, खिशात नुसतं आधार घेऊन निघालेला कर्ता मुलगा अडकणार. सरकारचा हा हिशेब मला मनापासून पटतो. भरवसा ठेवावा असं माणसाचं वय दोन्ही टोकांनाच असतं.

तेव्हा तिकडं निघालात, तर मधल्या वयाच्यांची मतदान कार्डं आधी शोधून ठेवा. आणि सोनौलीला शिपाई मागो न मागो, सोबतच्या म्हातारीचं कार्ड कुणीतरी एकदा हातात घेऊन नीट बघा.