पैसा कुणाचा, ते भिंतीवर

व्हिएन्नाला जाणाऱ्या आपल्या सहलींवर माझा राग आहे. शोनब्रुनचा राजवाडा, स्टीफन्सडोमपुढे फोटो, झाखरचा केक, की निघाली बस साल्झबुर्गला! माणसं इथे राहतात कशी, हे बघायला कुणालाच सवड नाही.

यू-फोर मेट्रोने शेवटच्या हायलिगेनस्टाट स्टेशनवर उतरा. समोरच कार्ल मार्क्स होफ आहे. एक किलोमीटरहून लांब, १,३८२ घरांची, १९३० साली उभी राहिलेली महापालिकेची वसाहत. कमानीतून आत शिरलं की मोठाली अंगणं, जुनी झाडं, बाकावर भाजीची पिशवी ठेवून बोलत बसलेल्या आज्या. बांधकाम एकूण जागेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, बाकी सगळं मोकळं. धुलाईघर, न्हाणीघर, बालवाडी, वाचनालय हे सारं पहिल्यापासून होतं, आणि तेही कामगारांसाठी.

पैसा आला १९२३च्या गृहनिर्माण करातून. महापालिकेचे अर्थप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी तो असा लावला की जितकं घर आलिशान तितका कर चढा. त्या काळातल्या अशा वसाहतींच्या भिंतींवर ठळक अक्षरांत लिहिलेलं आजही दिसतं: व्हिएन्ना महापालिकेने अमुक साली, गृहनिर्माण कराच्या पैशातून बांधलं. बस, एवढंच. कुणाचा फोटो नाही, कुणाचे हात जोडलेले नाहीत. आपल्याकडे गल्लीत चार पेव्हर ब्लॉक बसले तरी ‘माननीय अमुक यांच्या निधीतून’ असा फलक लागतो. निधी त्यांचा कधीपासून झाला?

फेब्रुवारी १९३४ मध्ये कामगारांचा उठाव मोडताना ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर डॉलफुस यांच्या सरकारने व्हिएन्नातल्या याच घरांवर तोफा डागल्या. घरं टिकली. आज महापालिकेकडे सुमारे सव्वादोन लाख घरं आहेत आणि शहरातला जवळजवळ दर चौथा माणूस त्यांत राहतो. शिक्षक, नर्स, ट्रामचालक, सगळे एकाच जिन्याने चढतात.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. असं घर मागायचं तर आधी दोन वर्षं व्हिएन्नात राहत असल्याची नोंद लागते. म्हणजे नुकत्याच आलेल्या, सगळ्यात नडलेल्या माणसाने खासगी घरमालकाचं दार ठोठावायचं. ही घरं ज्यांच्यासाठी बांधली त्या कामगारांतही आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया-मोराव्हियातून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबं होती. व्हिएन्नाने ही अट काढून टाकावी.